सहा ते सात, साखळी काढून

नियम पहिला

सगळ्यांनी खाली बसायचं.

कुत्र्यांनी नाही, माणसांनी. सकाळी सहाला आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर साखळ्या सुटतात आणि हातात रिकामी साखळी राहिलेल्या माणसाने लगेच मातीत बसायचं असतं. विटांच्या ढिगावर टेकायचं नाही, भिंतीला पाय लावून उभं राहायचं नाही. उभा माणूस म्हणजे कुत्र्यांच्या मध्ये रोवलेला खांब, भांडणं त्याच्याभोवतीच होतात, असं बेबाबाई सांगतात. म्हणून बँकेतले साहेबसुद्धा पांढऱ्या पायजम्यात मांडी घालतात आणि सातला उठून बायकोची बोलणी खायला घरी जातात.

जागा: जळगावला मेहरूण तलावाच्या अंगाला शेतं मोडून प्लॉट पडले, तेव्हा नकाशात मधोमध एक चौकोन सोडला होता. त्यावर लिहिलं होतं ‘बगिचा’. एक्क्याण्णव साल उजाडलं तरी बगिचा नकाशातच आहे. जागेवर तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला बाभळीच्या फांद्या. फांद्या बेबाबाईंनी लावून घेतल्या. त्या सहाला सरकतात आणि सातला परत.

नियम पहिलाच, पण बेबाबाईंबद्दल

बेबाबाईंकडे कुत्रं नाही.

हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. अकरा कुत्री, नऊ मालक, आणि सगळ्यांना खाली बसवणारी बाई कुत्र्याविना. पंचावन्नच्या पुढे वय, धुळ्याकडची बोली, पायात रबरी चप्पल. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची, ती द्यायला सव्वीस वर्षं त्याच. कागदावर लिहायचं असे: कुठे चावलं, किती खोल, कुत्रं पाळीव की भटकं. चावायच्या आधी माणूस काय करत होता, हे लिहायला रकाना नव्हता. म्हणून बेबाबाई तोंडी विचारायच्या. सुई आत जात असताना विचारायच्या, माणसाचं लक्ष तिकडे जावं म्हणून. पुढे उत्तरासाठी विचारायला लागल्या.

‘तू पहिले पयना का तो पहिले भुकना?’ म्हणजे आधी तू पळालास, की आधी तो भुंकला.

सव्वीस वर्षं. रोज तीन-चार माणसं. हिशेब आम्ही केला नाही, पण जगात कुत्रं का चावतं हे इतक्या लोकांना विचारलेला दुसरा माणूस आमच्या माहितीत नाही.

नियम दुसरा

नवं कुत्रं आणायचं असेल, तर पहिल्या दिवशी आणायचं नाही.

मालकाने एकट्याने यायचं, बसायचं. आमची कुत्री येऊन त्याचे पाय, धोतर, पँट, खिसे हुंगून जातात. दुसऱ्या दिवशी कुत्रं ज्या गोणपाटावर झोपतं ते गोणपाट घेऊन यायचं. तिसऱ्या दिवशी कुत्रं. तोवर आमच्यांना पाहुणा माहीत झालेला असतो, फक्त दिसलेला नसतो.

तोताराम आबा बुधवारी एकटे आले. सत्तरीचे, उंच, गुडघ्यांनी दगा दिलेले. त्यांना खाली बसायला भिंतीचा आधार घ्यावा लागला, पण बसले.

‘कुठले?’ बेबाबाईंनी विचारलं.

‘यावलकडचा. केयीचा मया हाये. म्हंजे होता माह्या हातात, आता पुतन्या पाहतो. पोरगं म्हने गुडघे गेले, चला जयगावले.’ आबांच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; मया म्हणजे मळा.

‘आन कुत्रा?’

‘तो बी आला. मुकादम.’

‘मुकादम आला?’ कुंदाबाई म्हणाल्या. ‘आणि कुत्रा?’

‘कुत्र्याचंच नाव मुकादम हाये, बाई.’

कुंदाबाई शाळेत गणित शिकवतात. त्यांची पामेरियन जूली आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भांडखोर. त्या हसल्या तेव्हा जूलीही भुंकली.

आमच्याकडे यायच्या आधी आबा तीन जागा हिंडून आले होते. तलावाच्या काठावर फिरणाऱ्या लोकांच्या हातात काठ्या. शाळेच्या मैदानात क्रिकेट. आणि शेजारच्या सोसायटीच्या बागेत पाटी: कुत्रे साखळीसह आणावेत. ‘साखयीसकट आनायचं त घरीच काय वाईट?’ आबा म्हणाले.

मधलं, ज्याला नियम नाही

मुकादम बारा वर्षांत कधी बांधलेला नव्हता. कॉलनीत आल्यावर त्याला न्हाणीघरामागच्या नळाला बांधलं. त्याने खाणं जवळपास सोडलं. साखळी पुरेल तेवढा गोल फिरून फिरून तिथली फरशी गुळगुळीत केली. आठवड्यापूर्वी सिलेंडरवाल्याची पँट फाडली, मांडी वाचली.

आबांचा मुलगा लीलाधर टेलिफोन खात्यात. चांगला माणूस, शांत बोलणारा. त्याने बापाला शांतपणे सांगितलं, की नरडाण्याला त्याच्या मेहुण्याचं सरकीचं गोदाम आहे, त्यांना फाटकाला बांधायला कुत्रा हवाच आहे. रविवारी टेम्पो येईल. त्याआधी मुकादम चार कुत्र्यांत, चार माणसांत राहू शकतो असं दिसलं, तर टेम्पो रिकामा जाईल.

‘फाटकाले,’ आबा म्हणाले. ‘दिवसबी आन रातबी.’

एवढं सांगून त्यांनी पायावरची माती झटकली. त्या दिवशी आम्ही त्यांना उठवायला दोघे लागलो.

शुक्रवार

आणला.

मोठा, मातकट रंगाचा, एक कान मधून चिरलेला. आमची अकराही कुत्री गोणपाट हुंगून आधीच तयार. कुणी भुंकलं नाही. आबांनी साखळी काढली, भिंतीला धरून खाली बसले. मुकादम त्यांच्याजवळ गेला, उजव्या हाताला बसला आणि दगडासारखा झाला.

पहिली गेली जूली. ती परत आली तेव्हा मानेवरचे मूठभर केस कमी होते. मग बँकेतल्या साहेबांचा अल्सेशियन गेला, मानाने, वळसा घालून. मुकादमने उठायचीही तसदी घेतली नाही. नुसता वरचा ओठ उचलला. अल्सेशियनला अचानक भिंतीपलीकडचं काहीतरी आठवलं.

साहेब स्वतः निघाले, ‘आबा, त्याला जरा’ एवढंच म्हणाले, आणि मुकादम उभा राहिला.

‘बठ्ठा बसा रे खाले!’ बेबाबाई ओरडल्या.

साहेब जागच्या जागी बसले. नेमके जिथे बसायला नको होतं तिथे, पण बसले.

पूर्ण तास मुकादम हलला नाही. सातला आबांनी सामान गोळा केलं, साखळी अडकवली, गेले. कुंदाबाई जूलीच्या मानेवर हळद दाबत बेबाबाईंना म्हणाल्या, ‘अक्का, हे जमायचं नाही. त्या कुत्र्याला माणूसच आवडत नाही.’

बेबाबाई उठल्या. आबा बसले होते तिथे जाऊन त्या मातीकडे बघत राहिल्या.

शनिवार

आज बेबाबाई कुत्र्यांकडे पाठ करून बसल्या. त्या फक्त आबांकडे बघत होत्या. आम्ही बेबाबाईंकडे बघत होतो. जूलीला कुंदाबाईंनी मांडीवर दाबून धरलं होतं. बाकीची कुत्री लांबून धावत होती आणि आबांच्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर एक न आखलेली रेघ असल्यासारखी वळत होती.

आता आबांनी काय काय केलं ते सांगतो. साखळी काढली. भिंत धरली. बसले. खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हाताला जमिनीवर टाकला. त्यावर चष्मा ठेवला, तंबाखूची चंची ठेवली. मुकादम टॉवेलच्या कडेला बसला आणि दगड झाला.

हे सगळं आम्हीही पाहिलं. काल पाहिलं, आज पाहिलं. पाहून आम्हाला काहीही दिसलं नाही.

‘आबा,’ बेबाबाई म्हणाल्या, ‘मळामा तुम्ही पानी धरेत, तवय भाकर कोठे ठेवेत?’

‘बांधावर.’

‘उघडी?’

‘नाई वं. टॉवेलात बांधून. टॉवेल बांधावर ठेवायचा आन पानी पाहाले जायाचं.’

‘आन हाऊ?’

‘हा बसे ना टॉवेलापाशी. पिल्लू होता तवापासून. वानेर येत, बकऱ्या येत, चोर येत. कोनाची हिंमत नोती. एकदा मी इसरून घरी गेलो त दुसऱ्या दिवशी सकायपर्यंत बसेल होता. पावसात.’

आबा अभिमानाने बोलत होते. बोलता बोलता ते थांबले. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, मग मुकादमकडे, मग परत टॉवेलकडे. आणि कपाळावर हात मारला.

‘तुम्हना कुत्रा चावरा नई शे, आबा,’ बेबाबाई हळू म्हणाल्या. ‘कामवर शे. तुम्हीच त्याले रोज कामवर बसाडतस. त्याले सुट्टी व्हयनी, हाई कोन्ही सांगंच नई.’

कुंदाबाईंनी जूलीची मान सोडली.

‘घरी बी,’ आबा म्हणाले. ‘घरी बी मी आंघोयीले गेलो का टॉवेल त्या नयावर टाकतो. जठी त्याले बांधेल हाये तठीच. तो सिलेंडरवाला... अरे माह्या देवा. तो त टॉवेलाजवयूनच गेला असीन.’

‘उचला आते,’ बेबाबाई म्हणाल्या.

आबांनी चष्मा डोळ्यांवर लावला. चंची खिशात घातली. टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

मुकादम उठला. टॉवेल उचलला म्हणजे पाणी धरून झालं, आता घरी. तो फांद्यांच्या दिशेने चार पावलं गेला आणि मागे वळून बघायला लागला. आबा बसलेलेच. मुकादम परत आला. जमिनीवर टॉवेल नाही, हुंगून खात्री केली. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. असं काम त्याला कधी पडलं नव्हतं, ज्यात काम नाही.

‘जाय,’ आबा म्हणाले. ‘जाय ना बापा. काई नाई. जाय.’

मुकादम शिंकला. सगळं अंग नाकापासून शेपटीपर्यंत हलवलं, पाणी झटकावं तसं. आणि मग, वाटेत उभ्या असलेल्या अल्सेशियनकडे न बघता, भिंतीच्या कडेकडेने चालायला लागला. पहिला वेढा त्याने तपासणीसारखा घातला. दुसरा जरा भराभर. जूली मांडीवरून निसटली आणि त्याच्या मागे लागली. कुंदाबाई उठणार होत्या. बेबाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तिसऱ्या वेढ्याला तो पळत होता.

आम्ही बेबाबाईंकडे पाहिलं. आम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. अकरा कुत्र्यांचे मालक आम्ही, कुत्र्यांची पुस्तकंही दोघा-तिघांनी मागवलेली. आणि ही बाई दोन दिवस एका म्हाताऱ्याच्या हातांकडे बघत बसली. शेवटी साहेबच म्हणाले, ‘अक्का, तुम्हाला कसं कळलं?’

‘माले कोठे काय कळनं?’ बेबाबाई म्हणाल्या. ‘मी इचारं, त्यासनी सांगं.’

रविवार

टेम्पो साडेसहाला आला.

लीलाधर पुढे बसला होता. शनिवारचं सगळं आबांनी त्याला घरी सांगितलं होतं आणि ते त्याने समंजस मुलासारखं ऐकून घेतलं होतं, म्हणजे विश्वास ठेवला नव्हता. फांद्यांपाशी तो थांबला. आत यायचं तर बसावं लागेल हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

आज मुकादम सगळ्यांत मागे होता. बारा वर्षांचा कुत्रा, पुढे तरुण अल्सेशियन, मध्ये टॉमी, राजा, आणि जूली कुणाच्याही पायात. तो मागे होता, पण सोडत नव्हता. तोंड उघडं, जीभ बाहेर, चिरलेला कान वाऱ्यावर.

‘मुकादम!’ आबांनी हाक मारली. ‘मुकादम, ये!’

तो आला नाही.

आबांनी पुन्हा हाक मारली. मुकादमने मान वळवली, हाक ऐकल्याचं दाखवलं, आणि पुढे निघून गेला. आबा आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा पोराला बक्षीस मिळाल्यासारखा झाला होता.

‘पाह्यलं का? बारा वर्सात पयल्यांदा आयकलं नाई!’

टेम्पोचा ड्रायव्हर निंबा मागून येऊन फांद्यांवरून बघत होता. नरडाण्याकडचाच माणूस, गोदामांचा माल वाहणारा.

‘भाऊ, यातला कुत्रा कोनता?’

लीलाधरने बोट केलं. ‘तो. मागचा.’

‘तो?’ निंबाने नीट पाहिलं. मुकादम आता जूलीसमोर पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून उभा होता. ‘हाऊ गोदामवर बांधाना? भाऊ, हाऊ तर चोरना संगे फिराले जाई.’

आमच्यातलं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. लीलाधर हसला नाही. तो बघत राहिला. महिनाभर न्हाणीघरामागे फिरणारा कुत्रा त्याने रोज पाहिला होता, आणि हा तोच आहे हे जुळवायला त्याला वेळ लागत असावा. मग त्याने बापाकडे पाहिलं. आबा तिकडे बघतच नव्हते. खाली बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ते फक्त कुत्र्यांकडे बघत होते.

‘निंबा,’ लीलाधर म्हणाला, ‘तू जा. मेहुण्यांना दुपारी फोन करतो. दुसरा कुत्रा बघा म्हणतो.’

‘जास,’ निंबा म्हणाला. पण गेला नाही. टेम्पोचं इंजिन बंद करून आला, फांद्या सरकवून आत शिरला. बेबाबाईंनी त्याच्याकडे पाहताच खाली बसला. लीलाधर अजून फांद्यांबाहेर उभाच होता. बेबाबाई सरकल्या आणि शेजारच्या मातीवर हात थापटला.

‘ये रे भाऊ. वीस मिनिट शेतस अजून.’