नैऋत्येला दार

त्या शनिवारी विशेष काही घडलं नाही. नंतर ओदगेरेलने तो दिवस कितीदा तरी आठवून पाहिला, तर हाती लागे ते एवढंच: आई खिडकीशी बसून, खिमा भरून वाफवायच्या बूझसाठी पाऱ्या लाटत होती, नेहमीप्रमाणे जाड लाटत होती, आणि तेर्गेल आली ती तोंड पाडूनच.

तेर्गेल ओदगेरेलची मुलगी, वीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आठवडाभर वसतिगृहात राहायची आणि शनिवारी आजीच्या हातचं खायला घरी यायची; आजोबा वारल्यापासून आजी इथेच राहत होती.

"काय झालं?" ओदगेरेलने विचारलं.

"काही नाही. चाचणी बुडाली."

"बुडाली म्हणजे?"

"म्हणजे झोप लागली. आई, आता सुरू नको करूस."

ओदगेरेल शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. उशिरा येणाऱ्या मुलांना काय ऐकवायचं ते तिला वर्षानुवर्षांच्या सरावाने पाठ होतं, आणि ते सगळं तिने पोरीला ऐकवलं. जबाबदारी, शिस्त, स्वतःची चूक स्वतः ओळखणं. तेर्गेल खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत राहिली.

"पुरे गं," खिडकीजवळून आई म्हणाली. "आधी तिला चहा दे. झोपली तर झोपली. तुझी तर अख्खी परीक्षा मी बुडवली होती. तेव्हा कुठे आभाळ कोसळलं?"

"आजी, दाराची गोष्ट नको हं," तेर्गेल म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच होतं.

"का नको? दार नैऋत्येला होतं, ते काय मी खोटं सांगते? त्या गोतोवच्या अकलेने गेले मी. दिराचं ऐकलं की असं होतं. तू लग्न करशील तेव्हा आधी दीर बघून घे."

मग ती गोष्ट झालीच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तेर्गेल खिम्यात कांदा मिसळत हसत राहिली. ओदगेरेलने मीठ घातलेला दुधाचा चहा ओतला आणि तिघींचे वाडगे भरले. एक वाक्य तिच्या जिभेपर्यंत आलं, तसं ते आजवर कितीतरी वेळा आलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, पाणी उकळलं बघ," आणि ती उठली.

रविवारी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच थांबलं असणार. अडुसष्ट वर्षांची होती.

ती दाराची गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. ओदगेरेल तेव्हा पाच वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तेर्गेल नुकतीच झाली होती. तेर्गेलचा बाप कोरियात कारखान्यात कामाला गेला. दोन महिने त्याचे फोन आले, मग यायचे थांबले. वसतिगृहात तान्ह्या बाळाला जागा नव्हती. ओदगेरेलने घरी निरोप धाडला की कॉलेज सोडून परत येते. त्याला उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी आईच आली. ट्रकच्या मागे मोडून बांधलेलं लहानसं गेर, मेंढपाळांचं गोल तंबूघर, म्हणजे त्याच्या लाकडी जाळ्या, छताच्या काठ्या आणि लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या, वर चूल, वर गोठवलेल्या मांसाची दोन पोती, आणि त्या सगळ्यावर बसलेली आई.

"मेंढरं तुझे बाबा बघतील," ती खाली उतरत म्हणाली. "बाळ मी बघते. तू पुस्तकं बघ."

यापलीकडे त्या विषयावर ती कधी काही बोलली नाही.

शहराच्या उत्तरेच्या टेकडीवर, जिथे फळ्यांची कुंपणं एकमेकांना चिकटून वर चढत जातात, तिथे गोतोवकाकाचं अंगण होतं. गोतोव बाबांचा धाकटा भाऊ. त्याने जागा दिली, मनापासून दिली, पण सल्ल्यासकट दिली.

"वहिनी, दार फाटकाकडे करा."

"फाटक नैऋत्येला आहे, गोतोव. गेरचं दार दक्षिणेला असतं. माझ्या सासूचं होतं. तिच्या सासूचं होतं."

"त्यांच्या दारासमोर शेजाऱ्याचं कुंपण नव्हतं. रोज उठून फळ्यांचं तोंड बघणार का? शहरात माणूस जिथून येतो तिकडे दार करतात."

"मग शहरात ऊन कुठून येतं?"

"वहिनी, ऊन बघायला इथे वेळ आहे कुणाला?"

जागा दिराची, आई नवखी. तिने ऐकलं. शेवटपर्यंत वाद घालून हरली असती तर कदाचित पुढचं झालं नसतं. ती वाद अर्ध्यावर सोडून हरली, आणि अशी हार तिला नीट लक्षात ठेवता येत नसे.

दक्षिणेला दार असलेल्या गेरमध्ये छताच्या गोल झरोक्यातून पडणारं ऊन घड्याळाचं काम करतं. सकाळी ते पश्चिमेच्या काठ्यांवर असतं, मध्यान्हीला मागच्या देव्हाऱ्याच्या वर, मग हळूहळू पूर्वेला भांड्यांच्या बाजूला उतरतं. या उन्हावर आईने जन्मभर गाई पिळल्या होत्या, मेंढरं सोडली होती, मुलांना झोपेतून उठवलं होतं. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं आणि तिला कधी त्याची उणीव भासली नव्हती.

येऊन आठवडा झाला आणि ओदगेरेलची परीक्षा आली. जानेवारी महिना. पेपर दुपारी बाराला, बसने जायला दीड तास. बाळ तीन दिवस पोटदुखीने रडत होतं. त्या सकाळी ते एकदाचं झोपलं तेव्हा आई कॅन ढकलगाडीवर टाकून पाणी आणायला गेली. ओदगेरेलने फोनमध्ये साडेनऊचा गजर लावून ठेवला होता.

गजर झाला. ओदगेरेलने तो ऐकला. उशीखाली हात घालून तिने तो बंद केला आणि पाचच मिनिटं म्हणून डोळे मिटले.

पाण्याच्या रांगेत उभी राहून आई परत आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. तिने वर पाहिलं. ऊन तिच्या हिशेबी पश्चिमेच्या काठ्यांवर होतं. म्हणजे आत्ता कुठे नऊ वाजत असतील. झोपू दे बापडीला. तिने चूल फुलवली, चहा ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून झाकण हाताने धरून बसली.

ओदगेरेल जागी झाली ती पावणेबाराला.

"मला उठवलं का नाहीस?"

"अगं, अजून तर दहासुद्धा..." आईने वर झरोक्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तिचा चेहरा पाहता पाहता उतरला. "दार," ती म्हणाली. "दार फिरलेलं आहे, त्याबरोबर काठ्याही. माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

"आणि माझा फोन थंडीने बंद पडला," ओदगेरेल म्हणाली.

थंडीत सगळ्यांचेच फोन बंद पडायचे. कोणी शंका घेतली नसती, आई तर नाहीच. फोन उशीखाली चांगला ऊबदार होता.

ओदगेरेल तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "आई, शेळ्यांचं वेळापत्रक इथे चालत नाही." बाळ उठलं होतं, तिने ते उचललं.

तो पेपर गेला म्हणजे विषय पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायचा, म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. ओदगेरेलने मनाशी ठरवून टाकलं की आता पुरे, वसंतात गावी परत जायचं. खरं सांगायचं तर तिला थोडं हलकंही वाटलं. कॉलेज सोडायला कारण मिळालं होतं, आणि ते तिचं स्वतःचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईने सणाचा निळा अंगरखा चढवला, बाळाला त्याच्या पुढच्या घडीत घातलं, वरून पट्टा आवळला आणि म्हणाली, "चल. तुझ्या बाईंकडे."

दारिमाबाई कडक होत्या. मुलं त्यांच्या तासाला खोकतसुद्धा नसत. आई त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली, एका हाताने बाळाचं डोकं सावरत.

"बाई, चूक माझी आहे. पोरीची नाही."

"काय चूक?"

"घराचं दार चुकीच्या दिशेला लावलं."

बाईंनी चष्मा काढला. "कुठल्या?"

"नैऋत्येला."

"किती वेळ चुकला?" बाईंनी विचारलं.

"दोन तास तरी."

"माझ्या आईला कोणी असं दार लावायला सांगितलं असतं ना," बाई म्हणाल्या, "तर ती गेर उचलून चालू लागली असती." मग त्या ओदगेरेलकडे वळल्या. "तुला काही सांगायचंय?"

"नाही, बाई."

"सोमवारी नऊ वाजता ये. वेगळा पेपर काढते. पहिल्यापेक्षा सोपा नसेल. आणि तुम्ही," त्या आईला म्हणाल्या, "ते दार तेवढं फिरवा."

आईला ती आज्ञाच वाटली. गुरुवारी ओदगेरेल तासांना गेली असताना तिने भर जानेवारीत गेर उतरवलं. चूल विझवली, बाळ गोतोवकाकाच्या बायकोकडे दिलं, शेजारची चार माणसं बोलावली. गोतोवकाका कुरकुरत आला आणि सगळ्यात जड जाळी त्यानेच उचलली. संध्याकाळी ओदगेरेल परतली तेव्हा दार दक्षिणेला होतं आणि दारापासून दोन पावलांवर शेजाऱ्याचं कुंपण. आत आई चुलीवर हात धरून बसली होती. गोठलेल्या दोऱ्या उघड्या हातांनी सोडवताना उजव्या हाताच्या दोन बोटांना हिमदंश झाला होता. त्यातल्या एकाचं नख पुढे कधी सरळ वाढलं नाही.

"आता बघ," ती म्हणाली, "आता चुकले तर मला गावी धाड."

सोमवारी ओदगेरेल परीक्षेला बसली आणि पास झाली.

आई अडीच वर्षं राहिली. दुपारी बाळाला अंगरख्यात घालून दोन बस बदलत कॉलेजवर यायची, कारण ओदगेरेलला दोन तासांच्या मधे पाजायला वेळ मिळायचा. दरवाजावरच्या रखवालदाराने पहिल्या दिवशी तिला अडवलं. तिसऱ्या दिवशी त्याने हीटरजवळ स्वतःची खुर्ची तिला दिली. ओदगेरेल मूलद्रव्यांची नावं मोठ्याने पाठ करायची, ती ऐकून आईलाही पाठ झाली. बाळाला झोपवताना ती नावं मंत्रासारखी म्हणायची, क्रम चुकवून, मधेच एखाद्या नदीचं नाव घुसडून. "झोपतंय ना? मग तुझं शास्त्र बरोबर आहे," म्हणायची. तिकडे बाबा एकटे दोन हिवाळे मेंढरांबरोबर काढत होते, आणि भेटीला आले की अंगरखा दर वेळी अधिक सैल झालेला दिसायचा. तेही काही बोलले नाहीत.

पदवीच्या दिवशी आईने दारिमाबाईंना गाठलं आणि सांगितलं, "बाई, दार अजून दक्षिणेलाच आहे." बाई इतक्या हसल्या की आजूबाजूची मुलं बघत राहिली. तिथून ती गोष्ट सुरू झाली. दर नव्या वर्षाला, पाहुणे जमले, बूझची ताटं आली की आई सांगायची: मी माझ्या पोरीचं शिक्षण कसं बुडवत होते. गोतोवकाका दर वेळी कपाळावर हात मारायचा. तिला ती गोष्ट फार प्रिय होती. तिच्या आयुष्यात शहराची एवढी एकच गोष्ट होती, आणि त्यात ती आधी चुकायची आणि शेवटी जिंकायची.

ओदगेरेल सुरुवातीला भीतीने गप्प राहिली. बाईंनी पेपर रद्द केला तर? मग लाजेने. पुढे पुढे तर तिला वाटू लागलं, आता खरं सांगणं म्हणजे आईकडून तिची गोष्ट काढून घेणं. तिच्याजवळ आभाराचेही शब्द नव्हते. त्यांच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानले तर ते माणूस दुखावतं, मी काय परकी का म्हणतं. त्यामुळे वीस वर्षांत दोन्ही गोष्टी सांगायच्या राहिल्या, आणि दोन्ही एकच आहेत हे तिला आई गेल्यावर कळलं.

आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, शेवटच्या विधीला, सगळे गोतोवकाकाकडे जमले. लामांनी पाठ वाचला आणि ते गेले. मग जेवण झालं. गेलेल्या माणसाचं नाव या दिवसांत कोणी घेत नाही, म्हणून सगळे नुसतं "ती" म्हणत होते. ती कशी भांडायची, कशी जाड पाऱ्या लाटायची. वातावरण थोडं सैल झालं. तेर्गेल ओदगेरेलच्या शेजारी बसली होती.

गोतोवकाका आता सत्तरीला आला होता. त्याने वाडगा खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"तिची एक गोष्ट आता मलाच सांगावी लागणार," तो म्हणाला. "त्या वर्षी मी तिला म्हटलं, वहिनी, दार फाटकाकडे करा. माझीच अक्कल. आणि पोरीची परीक्षा होती..."

सगळे ओळखीचं हसू तोंडावर घेऊन ऐकू लागले. ओदगेरेलला दिसलं की आजपासून ही गोष्ट अशीच चालणार. तेर्गेल ती तिच्या मुलांना सांगेल. त्यात आजी नेहमी चुकलेली असेल, आणि आता ती गोष्ट दुरुस्त करू शकेल असं एकच माणूस उरलं आहे.

"काका, थांबा," ती म्हणाली.

काका थांबला. तेर्गेलने तिच्याकडे पाहिलं.

"दार नैऋत्येला होतं, ते खरं. पण परीक्षा दारामुळे गेली नाही. तुमच्यामुळेही नाही. माझा फोन बंद पडला नव्हता. गजर झाला होता, मी तो ऐकला, बंद केला आणि झोपले. बाईंनी मला विचारलं तेव्हाही मी बोलले नाही. ती माझ्या शेजारी उभी होती, माझी चूक अंगावर घेऊन, आणि मी बोलले नाही."

ओदगेरेलने समोर पाहिलं, जिथे सगळ्यांत मोठ्या माणसासाठी जागा सोडलेली होती, आणि आवाज न चढवता, घरात बोलतात तसं म्हणाली:

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं. मला सोडायचं होतं, मी दमले होते. तू बर्फात घर उतरवलंस, तेव्हा मला सोडता येईना. मी शिकले ती तुझ्यामुळे. तू आलीस, फार बरं केलंस."