शिमग्यातली ऑपरेशनं

महाडच्या त्या खासगी दवाखान्यात मी विम्याचे दावे तपासायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्यापुढे अकरा फायली ठेवल्या. गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून हर्नियाची अकरा ऑपरेशनं झाली होती. सगळे पुरुष पोलादपूरकडच्या एकाच वाडीतले, आणि सगळी ऑपरेशनं होळीच्या दुसऱ्या दिवशी.

“अंगठे आहेत, सह्या आहेत. एक चूक दाखवा, मॅडम,” डॉक्टर खुर्चीत रेलून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. यातल्या एखाद्याला उद्या खरंच ऑपरेशन लागलं, तर त्याचं विम्याचं कार्ड रिकामं निघणार होतं.

“शिमग्यात इथला माणूस तापाने फणफणला तरी देवाची पालखी सोडत नाही,” मी म्हणाले. “आणि तुम्हाला एका दिवसात अकरा जण पोट फाडून घ्यायला मिळाले?”

“तुम्ही पुण्याहून आलेल्या. इथल्या शिमग्याचं तुम्हाला काय ठाऊक?”

मी पहिली फाईल उघडून त्यांच्याकडे फिरवली. पेशंटचं नाव सहदेव होतं.

“माझं माहेर त्याच वाडीत आहे, डॉक्टर. या तारखेला पालखी आमच्या अंगणात नाचली. पुढचा खांदा या सहदेवदादाचाच होता. पालखीला मी ओवाळलं.”