क्लचचा दुसरा टप्पा

दादाने फोनवर एवढंच सांगितलं, "मिस्त्रीणबाई, चार दिवसांपूर्वी क्लचने घात केला. हिचं बोट गेलं." मी हातातला पाना टाकला, गॅरेजला कुलूप लावलं आणि निघाले. वाटभर रागाने डोकं नुसतं भणभणत होतं.

वहिनी दारातच उभी होती. हाताला ही जाडजूड पट्टी. "अगं, मधल्या बोटाचं वरचं पेरच गेलंय," ती म्हणाली. जसा काही कपाचा कानच तुटला! मला रडू फुटणार होतं, ते लपवायला मी तिच्यावरच खेकसले.

"फिरत्या पात्यांत हात घालतं का कोणी? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"फिरत्या कुठे? तुझ्या दादाने पेडल दाबलं होतं की."

ही त्या दोघांची पद्धत. बागेत झाडांच्या ओळींमधलं तण काढताना मागच्या रोटरच्या पात्यांना वेली गुंडाळल्या, की दादा ट्रॅक्टर थांबवणार, पेडल तळापर्यंत दाबून धरणार आणि "हं!" म्हणणार. मग वहिनी मागे वाकून विळ्याने वेली कापणार. इंजिन बंद करायचं नाही, कारण ठेंगू एकदा बंद पडला की पुन्हा सुरू होताना जीव खातो. ठेंगू म्हणजे त्यांचा तो छोटा, जुनाट ट्रॅक्टर. रोटर बंद करायचा दांडा तर कधीचाच गंजून घट्ट बसलाय. लग्न झाल्यापासून दोघं असंच करत आलेत. मी किती कानीकपाळी ओरडले, पण ऐकतंय कोण!

ठेंगूचा क्लच दोन टप्प्यांचा. पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात. तिथे पायाला एकदम जड लागतं, कारण पुढची स्प्रिंग कडक असते. ते जडपण ओलांडून पार तळाशी गेलं, तरच मागचा रोटर सुटतो. आणि दादाचा डावा पाय कंबरेच्या ऑपरेशनपासून ओढत चालतो. डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद म्हणून सांगितलं होतं. पण घरात तो विषय काढायची सोय नव्हती.

"तुझा पाय..." मी सुरुवात केली.

"पाय ठणठणीत आहे. तू क्लच बघ."

वहिनी चहा टाकायला आत गेली तसा तो माझ्याजवळ सरकला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "क्लचच असेल ना गं?" त्याने हळूच विचारलं. "क्लच असला तर लोखंडाचा दोष. नसला, तर हिचं बोट मी तोडलं."

आयुष्यात कुठल्या मशीनमध्ये बिघाड सापडावा म्हणून मी देवाला हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.

ठेंगूच्या बाजूची झाकणी काढली आणि आतून तांबडी भुकटी भसाभस खाली पडली. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडले, "दादा, गंजच गंज आहे रे!" मागच्या पावसाळ्यात ठेंगू उघड्यावर राहिला होता. क्लचची प्लेट कडेला चिकटली होती आणि ती दाबणारी बोटं, म्हणजे आतले ते छोटे दांडे, त्यांतला एकही धड हलत नव्हता. दादा लगबगीने आला, वाकून गंज बघितला आणि वहिनीलाही बोलावून दाखवला. किती दिवसांनी माणूस हसला.

मग तेल सोडलं, तारेच्या ब्रशने घासलं, प्लेट मोकळी केली. दांड्यांचे नट इतके जाम, की पाना सटकून माझीच बोटं सोलवटली. मी ठेंगूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फटीत मापाची लोखंडी पट्टी घालून सगळ्या दांड्यांची फट एकसारखी लावली, वरचे नट आवळले, पेडलची ढिलाई जुळवली. मी स्वतः बसून इंजिन सुरू केलं, रोटर वर उचलून फिरू दिला. पेडल तळाशी दाबलं. रोटर मुकाट थांबला. पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा थांबला.

"झालं! ये, बस आता," मी म्हणाले.

दादा बसला. मी मागे जाऊन उभी राहिले. वहिनी माझ्या शेजारी.

"हं!" दादा म्हणाला.

रोटर फिरत होता.

मला वाटलं, त्याने दाबलंच नाही अजून. पुढे वाकून बघितलं. त्याचा पाय पेडलवर होता, मांडी थरथरत होती. पेडल मात्र त्या जड जागेवरच अडलेलं. त्याला ते कळतच नव्हतं. त्या तळव्याला तळ कुठला आणि अर्धं कुठलं, काही समजत नव्हतं.

"थांबला ना?" त्याने समोर बघतच विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "थांबला."

"मग काढ ती त्या दिवशीची अडकून राहिलेली वेल. भीती मोडू दे एकदाची."

आणि ती वाकली. चांगला हात पुढे करून खरंच वाकली! मी दंड धरून तिला मागे खेचलं. "दादा, इंजिन बंद कर! बंद कर आधी!"

त्याने बंद केलं, दचकून मागे वळला आणि गरगर हळू होत थांबणारा रोटर त्याने बघितला.

"मी तर तळापर्यंत..." तो म्हणाला.

"अहो, राहिला असेल कुठे गंज," वहिनी घाईघाईने म्हणाली. "ही परत लावेल. लावशील ना गं?"

ती माझ्याकडे बघत होती, नुसती विनवणी. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण पुढच्या वेळी तिथे मी नसणार.

"क्लच बरोबर आहे, वहिनी," मी म्हणाले.

दादाने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि सगळा जोर लावून पाय दाबला. पेडल ती जड जागा ओलांडून खट्कन तळाला टेकलं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"तुला माहीत होतं?" त्याने वहिनीला विचारलं.

"त्याच दिवशी दिसलं मला, पेडल अर्ध्यावरच होतं."

"मग आत्ता कशाला वाकलीस?"

"बोट गेल्यापासून तुमचं तोंड बघवत नाही मला," वहिनी म्हणाली आणि पट्टीच्या हातानेच तिने डोळे पुसले.

दादाने गुडघा सोडला. पेडल वर आलं आणि त्याच्याबरोबर त्याचा पायही निर्जीव वर आला. मग त्याने माझ्यापुढे हात केला.

"मला खाली उतरव गं," तो म्हणाला.