आठ मोटारींची बैलगाडी

धुळ्याहून पारोळ्याला जाताना खडकवणच्या नाल्यावर इंग्रजांच्या वेळचा एक पूल होता. एका वेळी एकच ट्रक जाईल, एवढीच त्याची रुंदी. गाव नाल्याच्या अलीकडे आणि निम्म्या गावाची शेतं पलीकडे, त्यामुळे सुरत-नागपूरची मालवाहतूक आणि खडकवणच्या बैलगाड्या त्या चिंचोळ्या जागेत रोज समोरासमोर यायच्या. आदल्या वर्षी तोताराम पाटलांची गाडी एका ट्रकने कठड्याला दाबली आणि त्यांचा ढवळा बैल जागीच मेला. पूल रुंद करा म्हणून गावाने तेव्हापासून अर्जांवर अर्ज केले होते.

१९८६च्या डिसेंबरात एकदाची वाहनांची मोजणी आली. पुलाशी तंबू ठोकायचा आणि सात दिवस जाणारं-येणारं प्रत्येक वाहन रेघ मारून टिपायचं. कुठला पूल आधी रुंद करायचा, ते त्या आकड्यांवरून ठरणार होतं. दिवसाच्या पाळीला रोजंदारीवर माणूस मिळाला तो तोतारामआबांचाच मुलगा अभिमन. बारावी झालेला, अक्षर मोत्यासारखं, फक्त पोटात कुठलीही गोष्ट टिकायची नाही.

मोजणीआधी धुळ्याला दिवसभर मोजणीच्या माणसांना काम समजावून दिलं. सगळी वाहनं एका मापात आणायची म्हणून प्रत्येकाला एक आकडा ठरलेला असतो, असं तिथे सांगितलं. मोटारीचा एक, ट्रकचा तीन, बैलगाडीचा आठ. अभिमनच्या डोक्यात त्यातला ट्रक शिरलाच नाही. संध्याकाळी ओट्यावर टेकतो न टेकतो तोच त्याने आबांना सांगून टाकलं, की सरकारच्या हिशोबात आपली एक गाडी म्हणजे आठ मोटारी. आबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. दिवेलागणीपर्यंत ही बातमी गावभर झाली. बैलगाडीची किंमत अखेर कुणीतरी ओळखली म्हणून जो तो खूश होता, आणि अभिमनची छातीही काही कमी फुगली नव्हती.

पुढची अक्कल आबांची. मोजणी सुरू झाली त्या सकाळी गावातल्या सत्तरच्या सत्तर गाड्या जुंपल्या गेल्या आणि पुलावरून खेपा सुरू झाल्या. ट्रक किती जातात, याच्याशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. ट्रक परगावचे, अर्ज आपले, तेव्हा सरकार आपल्याच गाड्या बघणार, असा गावाचा सरळ विचार. मोकळी गाडी बरी दिसत नाही म्हणून शेजारची नर्मदाबाई गाठोडं घेऊन वर बसायची. तिसऱ्या खेपेलाही तेच गाठोडं, तीच नर्मदाबाई, आणि चेहरा मात्र आत्ताच माहेरी निघाल्याचा. अभिमन हसू दाबत रेघा मारायचा. आपण खोटं काहीच लिहीत नाही, गाडी पुलावरून गेली हे तर खरंच आहे, असं तो मनाला बजावत राहायचा.

आठव्या दिवशी तायडेसाहेब कागद तपासायला आले. बोदवडकडच्या एका खेड्यातून शिकून उपअभियंता झालेला हा माणूस, बोलणं मोजकं. पारोळ्याकडे जाणाऱ्या वाहनांचा कागद वेगळा होता आणि धुळ्याकडे येणाऱ्यांचा वेगळा. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बैलगाड्यांच्या रकान्यावर बोट टेकवलं.

“अभिमन, सात दिवसांत दोन हजारांवर गाड्या तिकडे गेल्या. परत आल्या अडीचशे. बाकीच्यांनी तिकडेच घरं बांधली का?”

परतीच्या खेपा नाल्यातून होत होत्या. भरलेली गाडी तिथल्या वाळूत रुतते, पण मोकळी आरामात निघते. पुलावर आपल्याच गाड्या एकमेकींना अडायला नकोत, आणि ट्रकांचा धोकाही एकदाच घ्यावा, म्हणून आबांनी ही वाट काढून दिली होती. सात दिवस दोन्ही कागद अभिमन स्वतःच्या हाताने भरत होता, पण ते एकदा शेजारी ठेवून बघावेत, हे काही त्याला सुचलं नव्हतं. साहेब नाल्यात उतरून ताज्या चाकोऱ्या बघून आले. मग अभिमनने सगळं सांगून टाकलं, मेलेल्या बैलासकट.

साहेब रागावले नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्यांनी ट्रकांचा रकाना काढला. रोजचे पंधराशे. कागदाच्या कडेला तीनने गुणून त्यांनी साडेचार हजार लिहिले.

“असल्या पुलावर दिवसाला दोन हजार भरले तरी तो रुंदीकरणात बसतो. तुम्हाला एक चाकसुद्धा फिरवायची गरज नव्हती.”

पण एक रकाना खोटा निघाल्यावर बाकीच्यांवर वरच्या कचेरीत कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. सातही दिवसांची मोजणी रद्द करावी लागणार होती. नवी मोजणी जानेवारीत होईल, ती तूच कर, असं साहेब म्हणाले. प्रस्ताव मात्र डिसेंबरअखेर जायला हवा होता, म्हणजे पूल आता पुढच्या वर्षावर गेला.

मग बैलगाडीला आठ कशाला ठेवले, असं अभिमनने विचारलं.

“ती हळू चालते,” साहेब म्हणाले. “तिच्यामागे माल अडतो. तो आकडा अडथळ्याचा आहे.”

अभिमन घरी निघाला तो शरमेने आणि संतापाने. साहेबांचा राग आला, त्या आठाचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या तोंडाचा आला. अजून एक वर्ष गावाच्या गाड्या त्याच पुलावर ट्रकांपासून अंग चोरून जाणार होत्या, आणि एखादा बैल, एखादा माणूस गेला तर त्याचं उत्तर त्याला द्यावं लागणार होतं. आबा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं. आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

“मंग पूल कोनाकरता व्हई?”

“ट्रकस्करता, आबा.”

“आनि आपला आठ?”

“आपन त्यास्ना आडवा येतस म्हनीसन.”

अभिमनला वाटलं, आता शिव्या पडतील, आणि त्या पडल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. आबांनी पेंढी उचलून बैलांपुढे मोकळी केली.

“आडवा येतस म्हनीसन पूल भेटस ना?” ते म्हणाले. “मंग रोज आडवाच इसूत.”