राणीचं जहाज

नाथाच्या लग्नात भागीरथीनं दर्याचा वाटा दिला नाही, हे कोळीवाड्यात कोणी विसरलं नव्हतं.

वाटा म्हणजे नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या. त्या ठाण्याच्या खाडीत सोडायच्या, मग दर्या तिचा नवरा सांभाळतो. मालूनं हात पुढं केला तशी सासूच आडवी आली. "हात मागं घे गो! माजा नाथा काय होडीत बसून बोंबील धरतो? लोखंडी जहाजावर हाय तो, राणीचं नाव हाय त्याला. दर्याला म्हणावं, दुसरीकडं माग!"

राणीचं नाव हे तिला वर्तकनगरच्या सुमतीबाईंनी सांगितलेलं. बाई शाळेत शिकवायच्या, वीस वर्षं भागीरथीच्याच पाटीतली मासळी घ्यायच्या. नाथाच्या पत्रातलं 'नायोबी' वाचून म्हणाल्या होत्या, "ग्रीकांच्या पुराणातली राणी." पुढचं बोलल्या नाहीत.

वर्ष सरायच्या आत कंपनीची तार आली. जहाज बुडालं, माणूस एकही हाती लागला नाही.

मालूच्या बांगड्या फोडायला बायका यायच्या होत्या, त्या दिवशी सकाळीच भागीरथी पाटीशिवाय सुमतीबाईंच्या दारात उभी राहिली.

"बाई, त्या राणीचं पुढं काय झालं?"

"आता कशाला, भागीरथी..."

"सांगा. मी रडायला नाय आले."

सुमतीबाई खाली बघून बोलल्या. "चौदा मुलं होती तिला. देवीपुढं तोरा मिरवला, तुला दोनच म्हणाली. त्या दोघांनी हिची चौदाही मारली. रडून रडून राणीचा दगड झाला."

"आणि असलं नाव जहाजाला देतात?"

"देतात. एका धातूलाही दिलंय. नाव तेवढं उचलतात गं, गोष्ट कोण आठवतं?"

"शिकलेली माणसं ना तुम्ही! आमच्यात असल्या बाईचं नाव होडीला कोण देत नाय." मग ती उंबऱ्यावरच बसली. "तिला चौदा होती. मला एकच, तरी माजी जीभ तेवढीच चालली."

घरी येऊन तिनं मालूला खाडीवर नेलं. साबण लावून उजव्या हातातली एकेक बांगडी काढली, एकही फुटू दिली नाही.

"आय, आता कोणाला सांभाळायचंय दर्यानं?" मालू म्हणाली.

भागीरथीनं बांगड्या फेकल्या. त्या चिखलात पडल्या. ओहोटी होती, जन्म खाडीवर काढलेल्या बाईला तेवढंही दिसलं नव्हतं.

मालू घरी गेली. भागीरथी तिथंच बसली, पाणी यायची वाट बघत.