जबड्याचं शोकपत्र

स्पासच्या छापखान्यात त्सोना शिरली तेव्हा तिच्या डोक्याला काळा रुमाल होता. तो बघून स्पासने नेहमीसारखा आवाज खाली आणला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"कोण गेलं, मावशी?"

"गेलं कुणी नाही. नेलं." तिने पिशवीतून फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला.

स्पासने चष्मा नाकावर घेतला. फोटोत एक भलामोठा जबडा होता. त्यातून दोन सुळे हनुवटीवरून ओघळल्यासारखे खाली वळले होते. शेजारी त्सोनाचा नवरा गांचो उभा होता, हातात फावडं घेऊन.

"म्हणजे गांचोकाकांचं पाच वर्षांचं करायचंय?"

"त्याचं गेल्या शरदात तूच छापलंस. हे जबड्याचं. वर्ष झालं त्याला."

स्पासने चष्मा काढून पुसला. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर गावात चिकटवायच्या शोकपत्रांचे नमुने टांगले होते: चाळीस दिवसांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं. सगळ्यांना काळी चौकट आणि कोपऱ्यात क्रूस.

"मावशी, रागावू नकोस. पण मेलेल्यांचा एक मान असतो."

"ह्याच्याइतकं जुनं मेलेलं तुझ्या दुकानात आजवर आलंय का? मग दे की मान."

"आणि क्रूस?"

त्सोनाने विचार केला. "क्रूस नको. तो बाप्तिस्म्याच्या फार आधीचा आहे. पानाफुलाची फांदी घाल."

स्पासने घातली. मजकूर तिने तोंडी सांगितला, तोही घरून घोकून आणल्यासारखा. दोल्नी ब्रेस्त गावच्या वाचनघरातला मोठा जबडा. जिल्हा संग्रहालयाने प्रदर्शनासाठी तीन महिने म्हणून नेला, त्याला आज वर्ष झालं. तो तळघरात आहे. त्याला परत आणा. शोकाकुल: गाव.

दोल्नी ब्रेस्तमध्ये आता माणसं थोडी आणि बंद घरं जास्त. तरी वाचनघर उघडं होतं, आणि ते उघडं राहिलं ते गांचो-त्सोनाच्या वेडापायी. दोघं सहकारी शेतावर कामाला होती. नांगराने वर आलेली खापरं, चातीचे मातीचे मणी, रोमन विटांचे तुकडे, वाळूच्या खाणीतले शिंपले इतर लोक बांधाला फेकत. ही दोघं एप्रनात घालून घरी आणत. घर भरलं तेव्हा वाचनघराचा चिटणीस वेल्को म्हणाला, आणा इकडे, नाहीतरी पुस्तकं कोण वाचतंय. मग गावातले बाकीचेही आपापल्या माळ्यावरचं आणून देऊ लागले. कुणाच्या आजोबांनी दाराला टेकण म्हणून वापरलेला दगड निघाला तो हत्तीच्या कुठल्याशा पूर्वजाची दाढ.

जबडाही तसल्याच, हत्तीच्या कुळातल्या जनावराचा, पण तो खाणीच्या कड्यात सापडला. पावसाने कडा ढासळला आणि एक सुळा बाहेर आला. गांचो आणि त्सोना तिथे महिनाभर गुडघ्यांवर होते. पिठाच्या गोण्यांच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यांनी तो जखमी माणसासारखा गुंडाळला आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर घालून आणला. त्याची खबर दोघांनी स्वतःच जिल्ह्याला दिली होती. तेव्हा तिथून एक बाई आली, बघून गेली, आणि जागा नाही म्हणाली. तुमच्याकडेच राहू द्या.

तो राहिला. आणि दोल्नी ब्रेस्तमध्ये कुठल्याच वस्तूवर काच नव्हती. दारात नळ होता, साबण होता, खिळ्याला टॉवेल होता. हात धुवायचे, नीट कोरडे करायचे आणि मग काय हवं ते हातात घ्यायचं. शाळांच्या सहली यायच्या त्या ह्याचसाठी. मुलं दाढेच्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवायची आणि आपल्या तोंडात बोट घालून आपली दाढ चाचपायची. मास्तरीण ओरडायची आणि मग, कुणी बघत नाहीसं वाटलं की, स्वतःही तेच करायची.

मग जिल्हा संग्रहालयात ल्युबेनोव नावाचे नवे संचालक आले. ते गावात आले, त्यांनी त्सोनाने भाजलेली चीजची बानित्सा खाल्ली, वेल्कोची घरी गाळलेली राकिया प्यायली, जबड्यावर हात ठेवला (हात न धुता, हे त्सोनाने पाहिलं आणि पाहुणा म्हणून गिळलं) आणि तीन महिने म्हणाले. प्रदर्शन होईल, तुमच्या गावाचं नाव होईल.

त्सोना प्रदर्शन बघायला गेली. जबडा काचेत होता, दिव्याखाली. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'जिल्ह्यातून मिळालेला नमुना'. तिने ती पाटी दोनदा वाचली. जिल्ह्यातून. जसा काही जिल्हाच गुडघ्यांवर बसला होता.

तीन महिने झाले, सहा झाले. ती जाई, तिकीटखिडकीवरची मिन्का तिला बसवे, सरबत देई आणि सांगे की साहेब बैठकीत आहेत. शेवटी एकदा साहेब जिन्यातच सापडले.

"मावशी, तो आता तळघरात आहे. तिथे हवा योग्य आहे. तुमच्याकडे दिसेल तो हात लावतो. तिथे तो टिकणार नाही. इथे तो सुरक्षित आहे."

"सुरक्षित माझा नवराही आहे," त्सोना म्हणाली. "पण त्याला भेटायला जाता तरी येतं."

"आम्ही पुढेमागे एखादं प्रदर्शन..."

"मागचं झालं की. आता आमचं आम्हाला द्या."

"आमचं तुमचं काय त्यात. ही विज्ञानाची ठेव आहे." असं म्हणून ते वर गेले. त्सोना खालच्या पायरीवर उभी राहिली. विज्ञानाला तिचा विरोध नव्हता. खाणीत तिने विज्ञानाला कधी पाहिलं नव्हतं, इतकंच.

आणि सहली थांबल्या. नगरपालिकेचा निरोप आला की कुणी येत नसेल तर हिवाळ्यात वाचनघराला कुलूप लावायचं. वेल्को म्हणाला, "जबड्यावर चाललं होतं गं आपलं. माणसाचंही तसंच असतं."

"तुझं तर राकियावर चालतं," त्सोना म्हणाली, आणि शहरात जायला पेटीतून काळा रुमाल काढला.

छापून झाल्यावर त्सोना आणि वेल्कोने शहरात शोकपत्रं लावली ती नेहमीच्या जागी: बसथांब्यावर, औषधाच्या दुकानाशी, बेकरीच्या फळ्यावर, बाजारातल्या झाडांना. दुसऱ्या कुणाच्या कागदावर आपला कागद येऊ नये म्हणून त्सोना बोटभर जागा सोडत होती. वेल्को खळीचा डबा धरून मागे. मयताच्या राहत्या दारावर एक लावायचंच असतं, म्हणून एक संग्रहालयाच्या दारावर लावलं.

"आता गहू?" वेल्कोने विचारलं.

"मग काय, नुसता कागद लावून घरी जायचं? गव्हाशिवाय वर्ष घातलेलं पाहिलंयस कुठे?"

मयताच्या नावाने वाटतात तसा तिने घरून पातेलंभर गहू उकडून आणला होता, साखर आणि अक्रोड घालून. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती कागदी पेल्यांतून वाटू लागली. मयताचा गहू कुणी नाकारत नाही. समोरच्या बेकरीच्या रांगेतल्या बायका आल्या, पेला घेतला, "देव क्षमा करो" म्हणाल्या आणि मग दारावरचा कागद वाचायला वळल्या. वाचून काहींचा घास तोंडातच राहिला. एकीने मान हलवली. "चांगला होता," ती म्हणाली. "माझ्या मुलीने शाळेतनं येऊन आठवडाभर दुसरं काही सांगितलं नाही."

ल्युबेनोव कामावर आले ते घाईत, हातात चामडी बॅग. त्सोनाने पेला पुढे केला. सवयीने त्यांनी तो घेतला, टोपी काढली, एक चमचा तोंडात घातला.

"देव क्षमा करो त्याला. कोण होता?"

"तुमच्याच घरात होता, साहेब. दारावर आहे नाव."

त्यांनी वाचलं. चावणं थांबलं. थुंकावं तर मयताचा गहू, गिळावा तर जबड्याचा. गिळला. बायकांनी ते पाहिलं.

"मिन्का! हे काढा."

मिन्का दाराशी आली. कागद पाहिला, त्सोनाला पाहिलं. "साहेब, मी नाही हो काढणार. मयताचा कागद मी कधी काढलेला नाही."

"हे हाड आहे."

"चौकट काळी आहे, साहेब."

रस्ता झाडणाऱ्या बायकोव नावाच्या माणसाला त्यांनी हाक मारली. तो झाडूवर टेकून म्हणाला की पाऊस काढतो ते, ऊन काढतं, आम्ही नाही. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही काढा, तुम्ही शिकलेले.

तिथे ल्युबेनोवांचा तोल गेला. त्यांनी बॅगेतून लोखंडी पट्टी काढली आणि दारावरचा कागद खरवडला. तेवढ्यावर थांबते तर गोष्ट तिथेच संपती. पण बेकरीच्या फळ्यावरही एक होता. ते तरातरा रस्ता ओलांडून गेले, पट्टी घातली आणि ओढली. जबड्याचा कागद आला आणि त्याच्या शेजारचाही अर्धा आला. शेजारचा स्तामेनचा होता, बेकरीवाल्याचा. त्याला चाळीस दिवस झाले होते. फळ्यावर फोटोतली त्याची हनुवटी राहिली, डोळे ल्युबेनोवांच्या मुठीत गेले.

रांगेतून कुणीतरी आत हाक दिली. बेकरीच्या दारातून स्तामेनची बायको झिव्का बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ.

"द्या इकडे," ती म्हणाली.

त्यांनी मूठ उघडली. तिने तो तुकडा एप्रनवर सपाट केला.

"बाई, चुकून झालं. ह्या लोकांनी हा तमाशा..."

"त्यांनी माझ्या माणसाला बोटभर जागा सोडून लावला होता. तुम्हाला तेवढंही दिसलं नाही?"

"मी क्षमा मागतो."

"माझी नका मागू. काय आहे तुमच्या तळघरात, ज्याच्यासाठी माझ्या नवऱ्याचं तोंड फाडावं लागतं? चला, बघू आम्ही."

रांग तिच्या मागे निघाली. पावाचा वास घेऊन ती माणसं संग्रहालयात शिरली. तिकीट कुणी काढलं नाही आणि मिन्काने विचारलं नाही. तळघराची किल्ली तिच्याच कमरेला होती.

तळघरात जबडा होता. खोक्यात होता, आणि खोक्याभोवती जुने फलक, मोडक्या घडीच्या खुर्च्या. त्या बाजूला केल्यावर त्सोनाला झाकणावर कॉफीच्या कपांचे गोल डाग दिसले, एकात एक गुंतलेले. वर्षभराचे. योग्य हवेत बसून कुणीतरी रोज कॉफी पीत होतं. तिने झाकण उचललं. डाव्या सुळ्याचं टोक मोडलं होतं आणि तुकडा पेंढ्यात पडला होता.

त्सोनाने तो तुकडा उचलून एप्रनात घेतला. गांचोने ते टोक दाढीच्या ब्रशने साफ केलं होतं.

"कधी मोडलं?" वेल्कोने विचारलं.

"ते... हलवताना," ल्युबेनोव म्हणाले. मग पायऱ्यांवर दाटलेल्या माणसांकडे त्यांनी पाहिलं. "न्या. न्या एकदाचा. मला नको."

सगळ्यांनी ऐकलं. चौघांनी खोका उचलला, झिव्काने पावाची गाडी रिकामी केली, आणि जबडा पावांनी अजून गरम असलेल्या रिकाम्या फळ्यांमधून गावी आला.

तिसऱ्या दिवशी पोलीस आला. ओळखीचाच, शेजारच्या गावच्या दान्काचा जावई. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मावशी, तक्रार आहे. जमावाने राज्याची मालमत्ता जबरीने नेली असं लिहिलंय साहेबांनी."

"ते स्वतः न्या म्हणाले. अख्ख्या रांगेने ऐकलं."

"आता म्हणतात, दडपणाखाली म्हणालो. मला परत न्यायला सांगितलंय."

"मग ने," त्सोना म्हणाली. "आधी हात धू."

त्याने धुतले, पुसले आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना हात घातला. जबडा जागचा हलला नाही. त्याने दाराकडे पाहिलं. दारात वेल्को होता, त्याच्यामागे गावातले उरलेसुरले सगळे पुरुष. सगळ्यांचे हात खिशात.

"कुणी हात लावाल का जरा?"

"माझी कंबर," वेल्को म्हणाला.

"माझीपण," मागून कुणीतरी म्हणालं.

"साऱ्या गावाचीच धरलीय," त्सोना म्हणाली. "कॉफी घेणार का?"

पोलिसाने कॉफी घेतली. पेला त्याने खिडकीत ठेवला. मग दाढेवरून बोट फिरवलं, जीभ आतून आपल्या दाढेला लावून पाहिली आणि अहवालात लिहिलं की वस्तू सुस्थितीत जागेवर आहे, हलवण्यास मनुष्यबळ अपुरं.

"'सुस्थितीत' हा शब्द खोड," त्सोना म्हणाली.

"मावशी, तेवढं राहू दे. नाहीतर मोडल्याचं तुमच्या अंगावर येईल."

"येऊ दे. खोड."

त्याने उसासा टाकून शब्द खोडला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात पहिली सहल आली. मोडलेलं टोक त्सोनाने चिकटवलं नव्हतं. वेल्को म्हणाला होता की मी आणतो डिंक, कळणारही नाही. कळायलाच हवं, ती म्हणाली. तिने तो तुकडा सुळ्याशेजारी कापडावर ठेवला, आणि खाली पुठ्ठ्यावर स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'हे जमिनीखाली मोडलं नाही. हे शहरात मोडलं.'

मास्तरीण म्हणाली, "आजी, मुलांपुढे कशाला ही कटकट?"

"तुम्ही वाचून दाखवा," त्सोना म्हणाली. "मोठ्याने. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."