उगवणीचा हिशोब

बियाणं घरचं असो की विकतचं, उगवून पाहिल्याशिवाय पार्वताबाईंनी ते कधी वावरात जाऊ दिलं नव्हतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे. सत्तर उगवले तर पेरायचं, नाहीतर बाजूला सारायचं. बार्शीटाकळीतले शेजारीपाजारी या बाबतीत त्यांचा शब्द मानत. घरात तर सगळ्याच बाबतीत मानला जाई.

सून सीमा हिचा मूल व्हावं म्हणून अकोल्यात चाललेला उपचारही त्यांनी हो म्हटल्यावरच सुरू झाला. आधी नागपूरला एकदा करून झाला होता, फसला होता. ती रोजची इंजेक्शनं, ते हेलपाटे, तो खर्च पुन्हा झेपणारा नव्हता. अकोल्याच्या डॉक्टर श्रावणी बरंचसं गोळ्यांवर भागवत. गर्भ वाढवायचं मोठं यंत्रही त्यांच्याकडे नव्हतं. काचेच्या दोन बंद नळ्या होत्या. एकीत खायचा सोडा आणि लिंबूसत्त. त्यातून निघणारा वायू दुसरीत जाई आणि तिथे, उबेत, बाईच्या पोटातून काढलेल्या बीजाचा गर्भ धरे.

"हे तं पोट फुगल्यावरचं औषध हाय," पार्वताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. पण अडवलं नव्हतं.

आज गर्भ सीमाच्या पोटात सोडायचा होता.

"पाच बीजं मिळाली होती," डॉक्टरांनी सांगितलं. "दोनच फळली, त्यातलं एक पुढे वाढलं नाही. दुसरं चांगलं आहे. तेच सोडू."

पार्वताबाई पदर सावरून उठल्या. "चाल वं सीमा, घरी."

"काहून?"

"पाचातून एक! असं बियाणं मी वावरात तं सोड, कडेच्या धुऱ्यावरही नाही टाकत. पुढच्या खेपेले चांगलं येईन."

"आजी, हे तसं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. पार्वताबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. मुलगा नितेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. ते गेल्या वर्षीचं होतं.

सीमा खुर्चीतून हलली नाही. "आई, तुमाले वावर पेराचं रायते. मले एकच लेकरू पायजे."

"अन् नाही जगलं तं?"

"तं रडीन मी. पण उगवलेलं टाकून नाही येत."

एवढं बोलून ती नर्सबरोबर आत गेली. पार्वताबाई मागोमाग दारापर्यंत गेल्या. दार लागलं.

नितेशने खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत.

"सकाळी काही खाल्लं का तिनं?"

"मले नाही मालूम, माय."

"मंग कॅलेंडर काय वाचून राहिला? जाय, काही घेऊन ये तिच्यासाठी."